तलाव आजही खरे, पण कोणत्या अर्थाने?

अनुपम मिश्र यांचे 'आज भी खरे हैं तालाब' हे छोटेसे हिंदी पुस्तक नवी दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानने १९९३ साली प्रसिद्ध केले. लेखकाने त्यावर कोणताही हक्क राखून ठेवला नाही. ज्याला हवे त्याने छापावे, वाटावे, आपल्या भाषेत न्यावे. त्यामुळे ते अनेक भारतीय भाषांत पोचले आणि पर्यावरणावरील फार थोड्या पुस्तकांना लाभतो एवढा मोठा वाचकवर्ग त्याला मिळाला. मिश्र यांचा जन्म १९४८ साली वर्ध्याला झाला. २०१६ साली ते वारले.

आता हवामानबदल हा विषय शाळेच्या वर्गापर्यंत आला आहे. 'समाजाची तग धरण्याची क्षमता', 'शाश्वत जीवनकौशल्ये' असे शब्द शिक्षक-प्रशिक्षणात वारंवार ऐकू येतात. पण कौशल्य म्हणजे नेमके काय, ते कोणाच्या हातात असते आणि कसे टिकते, हे विचारले की उत्तर बहुधा 'नळ बंद करा, झाडे लावा' एवढ्यावर थांबते. मिश्र यांचे पुस्तक याहून कितीतरी भरीव उत्तर देते. म्हणूनच ते शिक्षकांनी वाचावे, आणि वाचताना थोडे कठोरपणे तपासावेही, असे आम्हाला वाटते.

पुस्तकाचे बळ

तलाव म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा, ही आपली समजूत पुस्तक पहिल्या काही पानांतच मोडते. राजस्थानात तलावाच्या प्रत्येक भागाला वेगळे नाव आहे. पाणी जिथून गोळा होते तो 'आगोर', म्हणजे आपले पाणलोट क्षेत्र. पाणी जिथे साठते तो 'आगर'. मातीचा भराव ती 'पाल', आणि जादा पाणी सुखरूप बाहेर काढणारा सांडवा म्हणजे 'नेष्टा'. तलावाची आखणी आणि बांधणी करणारे 'गजधर', माती खणणारे, दगड घडवणारे, अशा अनेक समाजांची ओळख लेखक करून देतो. अभियांत्रिकी महाविद्यालये निघण्यापूर्वी देशभर ही विद्या हातांतून हातांत जात होती, हे तो ठामपणे पण आक्रस्ताळेपणा न करता सांगतो.

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो देखभालीचा भाग. आगोरात घाण करायची नाही, हा दंडक सर्वांना लागू असे. गाळ हा कचरा मानला जात नसे. शेतकऱ्याने तो शेतात टाकायचा, कुंभाराने चाकावर न्यायचा. यामागचे गणित विद्यार्थ्यांनाही करता येईल. समजा, ५० हेक्टर पाणलोटावरून दरवर्षी सरासरी १ मिलिमीटर जाडीची माती वाहून तलावात आली. ५० हेक्टर म्हणजे ५ लाख चौरस मीटर. म्हणून माती झाली ५०० घनमीटर, म्हणजे सुमारे १७५ ब्रास. इतका गाळ दरवर्षी निघाला नाही तर दर दहा वर्षांत तलावाची ५ हजार घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर पाण्याची जागा जाते. तलाव बांधणे हे एकदाच करायचे काम असते, गाळ काढणे मात्र दरवर्षीचे. ते करणारी माणसे आणि त्यांना एकत्र आणणारा नियम नाहीसा झाला की भराव शाबूत असूनही तलाव मरतो.

आपल्या विदर्भात हेच घडले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. त्यांतील अनेक कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. जमीनदारी गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर तलाव राखण्याची जुनी व्यवस्थाही गेली आणि तिच्या जागी गावाची नवी व्यवस्था उभी राहिली नाही. आज हे तलाव सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी', म्हणजे थोडक्यात 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. त्यांतील बरेचसे गाळाने उथळ झाले आहेत.

देवास शहराने आपले तलाव बुजवले आणि १९९० साली तिथे इंदूरहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, अशी नोंद पुस्तकात आहे. त्यानंतर २६ वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. मधल्या काळात धरणे आणि जलवाहिन्या वाढल्या. पण एकाच मोठ्या साठ्यावर विसंबलेले शहर तो साठा आटला की किती हतबल होते, हे पुन्हा दिसले. मिश्र यांचा मूळ मुद्दा इथे अचूक ठरतो.

बदललेला पाऊस

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव काळाच्या ओघात निर्माण झाली आहे. तिचा दोष लेखकाकडे जात नाही. जुने तलाव जुन्या पावसाच्या अनुभवावर बेतलेले होते. तो पाऊस आता तसा राहिलेला नाही. हवेचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. याच काळात तेथील मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र घटले.

याचा तलावाशी संबंध काय? आपल्या ५० हेक्टरांच्या पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मे पाणी वाहून आले, असे धरू. ते होते २५ हजार घनमीटर. तलाव आधीच काठोकाठ भरलेला आहे. हे पाणी २४ तासांत सावकाश आले तर सांडव्यावरून सेकंदाला ०.३ घनमीटर पाणी जाऊ द्यावे लागेल. तेच पाणी ३ तासांत आले तर सेकंदाला २.३ घनमीटर, म्हणजे आठपट. सांडव्यावरील पाण्याचा थर ३० सेंटिमीटरपेक्षा जाड होऊ द्यायचा नसेल, तर पहिल्या वेळी साधारण १ मीटर रुंदीचा सांडवा पुरतो. दुसऱ्या वेळी ८ मीटर रुंदी लागते. पर्जन्यमापकावर दोन्ही दिवशी आकडा एकच दिसेल, १०० मिलिमीटर. पण दुसऱ्या दिवशी अरुंद सांडव्याच्या तलावात पाणी भरावावरून वाहू लागेल, आणि मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की तो फुटायला वेळ लागत नाही.

म्हणून जुना तलाव 'होता तसा' दुरुस्त करणे पुरेसे नाही. सांडवा नव्याने तपासावा लागेल. पूर्वजांनी आपल्या काळचा पाऊस बारकाईने पाहिला म्हणून त्यांचे तलाव टिकले. आपण आपल्या काळचा पाऊस मोजला नाही, तर त्यांचे अनुकरण केवळ बाह्य रूपापुरते राहील.

तलाव कोणाचा?

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तलाव बांधणाऱ्या जातींचा गौरव पुस्तकात पानोपानी आहे; पण बांधलेल्या तलावाचे पाणी कोणाला भरता येत असे आणि कोणाला नाही, याबद्दल ते फारसे बोलत नाही. 'समाज' हा शब्द लेखक असा वापरतो, की जणू सर्वांचे हित एकच होते. महाराष्ट्रातील शिक्षकाला हे सहज स्वीकारता येणार नाही. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. १९२४ साली नगरपालिकेने ते सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, तेव्हा तो हक्क बजावला गेला.

हा मुद्दा केवळ इतिहासाचा नाही. दुष्काळात टँकर आधी कोणत्या वस्तीत रिकामा होतो, पुरात कोणाची घरे नदीच्या पात्राजवळ असतात, यावर गाव किती तग धरेल हे ठरते. गावाची ताकद मोजायची तर ती सर्वांत दुबळ्या घरापाशी मोजली पाहिजे.

विहिरी आणि पंप

तिसरी उणीव आजच्या तंत्राची. तलावातील काही पाणी झिरपून आसपासच्या विहिरींना येते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. पण तेव्हा पाणी मोटेने निघत असे. बैलांच्या दमाची मर्यादा आपोआपच पाण्याच्या उपशालाही असे. आज खोल विंधनविहीर आणि विजेचा पंप असलेला एक शेतकरी सर्वांनी मिळून मुरवलेले पाणी एकटा उपसू शकतो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात पाणी साठायला जागा मुळातच थोडी असते. त्यामुळे हा परिणाम लवकर जाणवतो. गाव मिळून गाळ काढते, पण पाणी कोणी किती घ्यायचे हे ठरवत नाही, असे झाले तर श्रम सर्वांचे आणि लाभ मोजक्यांचा.

यावर उत्तरे शोधली गेली नाहीत असे नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत पाणी कमी असलेल्या वर्षी किती फड भिजवायचे हे सर्वांनी मिळून ठरे, आणि ते पाळले जाते की नाही हे पाटकरी व जागल्या पाहत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम विचार करण्याजोगे आहेत : पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर, भूमिहीनांनाही पाण्यात हक्क, ऊस लावायचा नाही. मिश्र यांचे पुस्तक जिथे थांबते, तिथून पुढचा धडा नायगावने दिला आहे.

वर्गात कसे वाचावे

एवढ्या उणिवा दाखवूनही हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात हवे, असे आमचे मत आहे. मात्र ते गौरवगाथा म्हणून वाचू नये. तपासणीची सुरुवात म्हणून वाचावे. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या तळ्यावर, बंधाऱ्यावर किंवा गावविहिरीवर जावे. (पाण्यात कोणी उतरू नये, मापे काठावरूनच घ्यावीत.) नकाशावर पाणलोटाची हद्द काढावी, त्याचे क्षेत्रफळ मोजावे, सांडव्याची रुंदी टेपने घ्यावी आणि वर दिलेले गणित स्वतःच्या तळ्यासाठी करून पाहावे. शाळेच्या पर्जन्यमापकाचे वाचन दिवसातून एकदा होते. मोठ्या पावसाच्या दिवशी ते शाळेच्या वेळात दर तासाला घ्यावे. मग एकाच आकड्याचे दोन पाऊस किती वेगळे असतात ते मुलांना सांगावे लागणार नाही.

आणि मोजमाप संपल्यावर गावातील वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत. गाळ शेवटचा कधी आणि कोणी काढला? या पाण्यावर पूर्वी कोणाला येऊ देत नसत? येत्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले, तर कोणी किती घ्यायचे हे आज कोण ठरवते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक गावांत मिळतील. तिसऱ्या प्रश्नाला 'कोणीच नाही' असे उत्तर आले, तर ते वहीत तसेच लिहून घ्यावे आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. तग धरण्याचे कौशल्य शिकवण्याची याहून चांगली सुरुवात आम्हाला तरी दिसत नाही.