अतींद्रिय संशोधनातील उपकरणे : त्यांच्या प्रामाण्याचा विचार

भुताखेतांच्या अस्तित्वाविषयी जे संशोधन गेल्या पावणेदोनशे वर्षांत पाश्चात्त्य देशांत झाले, त्यात मानवी साक्षीची जागा क्रमाक्रमाने उपकरणाने घेतलेली दिसते. साक्षीदार घाबरतो, विसरतो, क्वचित खोटेही बोलतो. काटा आणि दिवा तसे करीत नाहीत, ही ह्या बदलामागील धारणा होय. धारणा अर्धी खरी आहे. उपकरण खोटे बोलत नाही हे मान्य केले, तरी ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि ह्या क्षेत्रातील बहुतेक वादांचे मूळ तेथेच आहे.

नैयायिकांच्या परिभाषेत मांडावयाचे तर उपकरणाचे वाचन हा हेतू आणि अतींद्रिय सत्तेची उपस्थिती हे साध्य. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण स्वयंपाकघरात दोघांचे साहचर्य आधी पाहिलेले असते. भुताच्या बाबतीत असे स्वयंपाकघर उपलब्ध नाही. ज्या ठिकाणी भूत निश्चितपणे आहे असे सर्वांना मान्य आहे, असे एकही स्थळ नसल्यामुळे काट्याच्या हालचालीची त्याच्याशी गाठ कधी घालून पाहता आलेली नाही. राहता राहिली व्यतिरेकव्याप्ती : जेथे भूत नाही तेथे काटा हलत नाही, असे दाखवून देणे. केवलव्यतिरेकी अनुमानाला न्यायशास्त्रात स्थान आहे, तेव्हा हा मार्ग संशोधकांना बंद नव्हता. त्यावरून चालण्याचे कष्ट मात्र फार थोड्यांनी घेतले.

जे थोडे चालले त्यांत मायकेल फॅरडे ह्यांचे नाव पहिले घ्यावे लागते. १८५३ साली इंग्लंडमध्ये टेबल फिरविण्याचे वेड जोरात होते. मंडळी टेबलाभोवती बसत, त्यावर हात ठेवीत, आणि काही वेळाने टेबल फिरू लागे. विजेपासून मृतात्म्यांपर्यंत नाना कारणे सांगितली जात. फॅरडे ह्यांनी प्रथम काच, माती, पुठ्ठा, लाकूड, रबर असे अनेक पदार्थ हातांखाली ठेवून पाहिले. कोणत्याही पदार्थाने गती थांबत नव्हती. त्या टप्प्यावर विजेचा वा चुंबकत्वाचा कोणताही परिणाम त्यांना आढळला नाही. मग त्यांनी गुळगुळीत पुठ्ठ्याचे चारपाच तुकडे मऊ लुकणाच्या गोळ्यांनी एकावर एक चिकटविले आणि त्यांची मूळ जागा पेन्सिलीच्या रेघेने नोंदवून ठेवली. टेबल आधी हलले आणि त्याने हात ओढले, तर खालचा पुठ्ठा पुढे जावयास हवा. हातांनी टेबल ढकलले असेल तर वरचा. वरचा पुठ्ठा पुढे गेलेला आढळला. बसणारी माणसे प्रामाणिक होती, आपण दाब खालीच देत आहोत अशी त्यांची खात्री होती, आणि तरीही त्यांचे हात बाजूला ढकलीत होते.

फॅरडे एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घालून वरच्या फळीची किंचित सरक मोठी करून दाखविणारा एक हलका दर्शक बसविला. दर्शक झाकलेला असताना टेबल फिरे. बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असताना टेबल जागचे हलेना. ह्या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या रोखात आहे. उपकरण अज्ञात शक्तीच्या दिशेने रोखलेले नसून निरीक्षकाच्या हातावर रोखलेले आहे. दोन प्रतिस्पर्धी उपपत्तींपैकी प्रत्येकीने कोणते वाचन अपेक्षिले पाहिजे, हेही प्रयोगापूर्वीच ठरलेले आहे. नंतरच्या काळातील महागड्या साधनांत ह्या दोन गुणांचा अभाव विशेष जाणवतो.

विल्यम क्रुक्स हे काही सामान्य योग्यतेचे शास्त्रज्ञ नव्हते. थॅलियम मूलद्रव्याचा शोध त्यांच्या नावावर आहे. १८७५ मध्ये त्यांनी अ‍ॅना इव्हा फे ह्या माध्यम-स्त्रीची परीक्षा गॅल्व्हानोमीटरने घेतली. माध्यमाने दोन्ही हातांत दोन मुठी धरावयाच्या. शरीरातून क्षीण प्रवाह वाहत राहील. एक जरी हात सुटला तरी काटा शून्यावर येईल. ही पद्धत अटलांटिक तारायंत्राच्या कामात नाव मिळविलेले क्रॉमवेल व्हार्ली ह्यांनी आदल्याच वर्षी फ्लॉरेन्स कुक हिच्यावर वापरली होती. फे बाईंच्या प्रयोगात काटा शून्यावर आला नाही, आणि अंधारात वस्तू मात्र हलल्या. पुढे हुडिनी ह्याने १९२४ च्या आपल्या ग्रंथात ह्या बाईंनी स्वतः दिलेला खुलासा नोंदविला आहे : एक मूठ गुडघ्याच्या लवणीत दाबून धरली की एक हात मोकळा होतो. यंत्रात कोणताही दोष नव्हता. त्याने दोन मुठींमध्ये काहीतरी वाहक आहे एवढेच सांगितले, आणि ते अचूक सांगितले. ‘दोन्ही हात जागेवर आहेत’ हे वाक्य गॅल्व्हानोमीटरचे नव्हे, क्रुक्स ह्यांचे आहे.

बोर्ली येथील पाद्रीनिवासाच्या संदर्भात हॅरी प्राइस ह्यांच्या पेटीची कीर्ती फार झाली. मोजपट्टी, शिशाची मोहोर, दोरा, कॅमेरा ही तिच्यातील साधने खरे तर माणसांची लबाडी पकडण्यासाठी योग्यच होती. परंतु १९३७ मध्ये वर्षभराच्या भाड्याने घेतलेल्या त्या घरात वृत्तपत्रातील जाहिरातीवरून जमविलेल्या निरीक्षकांना घराच्या लौकिकाची कल्पना आधीच होती. तेथे साधने साध्या जिज्ञासेच्या नव्हे, अपेक्षेच्या हाती पडली. १९५६ मध्ये डिंगवॉल, गोल्डनी व हॉल ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या परीक्षणाने त्या पुराव्याचे जे झाले ते प्रसिद्धच आहे.

आजच्या हौशी शोधकाच्या हाती प्रामुख्याने दोन साधने असतात. पहिले, घरातील वीजवाहिन्यांभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र तपासण्याचे पाच दिव्यांचे ‘के-टू’ मापक. हे एकाच अक्षावर मोजते. म्हणजे हातातल्या हातात नुसते वळविले तरी वाचन बदलते, आणि जवळच्या मोबाइल फोननेही त्याचे दिवे लागतात. दुसरे, दुरून तापमान दाखविणारा अवरक्त तापमापक. तो समोरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो, मधल्या हवेचे नव्हे. आणि पृष्ठभाग चकचकीत असेल तर परावर्तित किरणांमुळे तेही चुकीचे. खोलीच्या मध्यभागी ‘थंड जागा’ सापडल्याचे जे वृत्तांत ह्या साधनाच्या आधारे दिले जातात, त्यांत बहुधा पलीकडच्या भिंतीचे किंवा खिडकीच्या काचेचे तापमान असते. दोन्ही साधने आपापल्या कामी विश्वसनीय आहेत. ज्या घराबद्दल कोणतीही वदंता नाही अशा घरातही दिवे लागतात, भिंती थंड असतात. म्हणजे व्यतिरेकव्याप्ती मोडते आणि हेतू सव्यभिचार ठरतो.

ह्या सर्वांत अधिक विचार करण्याजोगे प्रकरण लॅटव्हियन लेखक कॉन्स्टंटीन राउडिव्ह ह्यांचे आहे, कारण तेथे बुद्धिमत्ता, चिकाटी आणि सद्हेतू ह्यांपैकी कशाचीच उणीव नव्हती. स्वीडनमधील फ्रीड्रिश युर्गेन्सन ह्यांना १९५९ मध्ये पक्ष्यांचे आवाज मुद्रित करताना फितीवर मानवी वाणी ऐकू आली. त्या कामाने प्रेरित होऊन राउडिव्ह ह्यांनी मृतांच्या वाणीचा शोध आरंभिला, आणि १९६८ मध्ये जर्मनमध्ये व १९७१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ ह्या नावाने इंग्रजीत त्यांचा ग्रंथ आला. त्यातील वाक्ये अतिशय तुटक असून एकाच वाक्यात लॅटव्हियन, जर्मन, रशियन, स्वीडिश शब्द मिसळलेले असतात. राउडिव्ह ह्यांच्या मते ही भाषा-भेसळ म्हणजे परलोकाची खूण. त्यांच्या पद्धतींकडे पाहिले म्हणजे निराळे काही सुचते. एका पद्धतीत रेडिओ दोन केंद्रांच्या मध्ये लावून ठेवलेला असे. मध्यम लहरी रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, तेव्हा युरोपात अशा जागी अनेक भाषांचे तुकडे एकमेकांत मिसळणे अटळ आहे. दुसऱ्या पद्धतीत आखूड तारेला जोडलेला डायोड थेट ध्वनिमुद्रकाला लावीत. पण डायोड आणि तार म्हणजे जुन्या स्फटिक-रेडिओचेच हृदय. परलोकाची वाणी टिपण्यासाठी बनविलेले हे साधन जवळच्या प्रक्षेपणकेंद्राची वाणी टिपण्यास अधिक समर्थ होते.

रेडिओच्या हस्तक्षेपाने सर्व उदाहरणे उलगडत नाहीत, आणि तसा दावा करणेही योग्य नव्हे. मायक्रोफोनने घेतलेल्या फितींवर नुसती खरखर असते, आणि तीत शब्द ऐकू येण्यास राउडिव्ह ह्यांच्याच सांगण्याप्रमाणे कानाला दीर्घकाळ वळण लावावे लागते. येथे मापन फितीचे होत नाही, कानाचे होते. आगगाडीच्या चाकांच्या ठेक्यात हवे ते गाणे ऐकणारी मुले हाच प्रयोग रोज करतात. बी. एफ. स्किनर ह्यांनी १९३६ मध्ये अस्पष्ट स्वरांची पुनरावृत्ती ऐकवून असे दाखविले होते, की श्रोते त्यांत अर्थपूर्ण शब्द ऐकतात आणि ते शब्द श्रोत्यागणिक बदलतात. केंब्रिज येथे १९७० ते १९७२ ह्या काळात डेव्हिड एलिस ह्यांनी ह्याच विषयाचा अभ्यास केला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा कलही नैसर्गिक कारणांकडेच आहे. ज्याचे माणूस नुकतेच गेले आहे अशा श्रोत्याला खरखरीतून आपलेच नाव ऐकू येते, त्या वेळी ‘यंत्राने टिपले आहे’ ही ग्वाही त्याच्या दुःखावर किती भार टाकते, ह्याचा विचार राउडिव्ह ह्यांच्या समर्थकांनी केलेला दिसत नाही.

मात्र अश्रद्ध पक्षाकडूनही हाच प्रमाद घडतो, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. १९९८ मध्ये व्हिक टँडी व टोनी लॉरेन्स ह्यांनी कॉव्हेंट्री येथील एका प्रयोगशाळेत दिसलेल्या करड्या आकृतीचा उलगडा अवश्राव्य ध्वनीने केला. शेगड्यात धरलेले तलवारीचे पाते आपोआप थरथरू लागले. पंखा बंद करताच थरथर व अस्वस्थता दोन्ही थांबल्या. दर सेकंदाला १८.९८ आवर्तने हा आकडा तेव्हापासून लोकप्रिय लेखनात सर्वत्र फिरतो आहे. परंतु तो कोणत्याही मापकावर वाचलेला नव्हता. खोलीची लांबी ३० फूट, म्हणून तरंगलांबी ६० फूट, आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ११३९ फूट, असा भागाकार करून तो काढलेला आहे. फुटांत मोजलेल्या खोलीवरून दोन दशांश स्थळांचे भूत उभे राहिले.

ही उपपत्ती तपासण्याचा एक चांगला प्रयत्न क्रिस्टोफर फ्रेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. लंडनमधील एका मुद्दाम बांधलेल्या खोलीत अवश्राव्य ध्वनी आणि विद्युत्चुंबकीय क्षेत्रे लपवून ठेवली होती. ७९ व्यक्तींनी तेथे प्रत्येकी ५० मिनिटे घालविली, आणि कोणाच्या वेळी काय चालू आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. विचित्र अनुभव येण्याचा संभव आहे एवढे आधी सांगितलेले होते. पुष्कळांना ते आले. ध्वनी व क्षेत्रे चालू असणे वा नसणे ह्यांचा त्या अनुभवांशी संबंध आढळला नाही. काहीही चालू नसलेल्या खोलीतही माणसांना कोणीतरी आहे असे वाटले.