सुरुंग काढणारे हात आणि साहित्याची नजर

युद्धावरचे साहित्य वाचताना आपण एक प्रश्न विचारलाच पाहिजे : या युद्धात खोदले कोणी? तलवार कोणी चालवली ते इतिहास आवर्जून सांगतो. खंदक कोणी खणला, पूल कोणी बांधला, वाटेतले सुरुंग कोणी उचलले, हे सांगताना मात्र त्याची शाई आटते. लष्करातल्या अभियंता-शिपायाला सॅपर म्हणतात. ‘सॅप’ म्हणजे शत्रूच्या तटापर्यंत खणत नेलेला चर. म्हणजे या माणसाच्या नावातच कुदळ आहे. ज्यांच्या पिढ्या कुदळीवर जगल्या, त्यांनी तरी त्याच्याकडे नीट पाहावे, म्हणून हा लेख.

मायकेल ओंडाटजे यांची ‘द इंग्लिश पेशंट’ ही कादंबरी १९९२ साली आली. त्या वर्षीचे बुकर पारितोषिक तिला विभागून मिळाले. १९४५ सालची इटली, एक पडका वाडा, होरपळलेला रुग्ण, त्याची शुश्रूषा करणारी हाना, आणि बॉम्ब निकामी करणारा शीख सॅपर किरपाल सिंग. चर्चा होते ती बहुधा रुग्णाच्या प्रेमकथेची. माझ्या मते कादंबरीचे खरे बळ सॅपरच्या कामात आहे. हाना पियानो वाजवते तेव्हा किरपाल धावत येतो. संगीताच्या ओढीने तो येत नाही. माघार घेणारे जर्मन सैनिक वाद्यांतही सुरुंग पेरून जात, हे त्याला ठाऊक असते. एकाच सुरावर दोन माणसे दोन अर्थ लावतात, आणि जगवणारा अर्थ श्रमिकाचा ठरतो. तारा, फ्यूज, मातीत रुतलेला बॉम्ब यांचे वर्णन लेखकाने इतक्या निगुतीने केले आहे की श्रम हेच ज्ञान आहे याची खात्री पटते. लिहिणाऱ्याचे डोके वर आणि राबणाऱ्याचे हात खाली, ही आपल्याकडची उतरंड येथे मोडून पडते.

पण या माणसाचे नावसुद्धा त्याचे राहत नाही. त्याच्या अहवालावर लोण्याचा डाग पडतो, गोरा अधिकारी त्यावर विनोद करतो, आणि किरपालचा ‘किप’ होतो. दुसऱ्याने ठेवलेले नाव आयुष्यभर वागवणे काय असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी येते आणि किरपाल पेटून उठतो. जन्मभर एकेक बॉम्ब हाताने विझवला, आणि ज्यांच्यासाठी विझवला त्यांच्याच गोटातून आशियातल्या एका शहरावर असा बॉम्ब पडला! गोऱ्या राष्ट्रावर त्यांनी तो टाकला नसता, हा विचार कादंबरी स्पष्टपणे मांडते. किरपाल निघून जातो. हा विद्रोह कादंबरीचा कणा आहे. १९९६ साली निघालेल्या चित्रपटाने नेमका तोच काढून टाकला. तेथे हिरोशिमा नाही. सहकारी सार्जंटच्या मृत्यूचे दुःख आहे. राजकीय संतापाला खाजगी शोक बनवले की तो सर्वांना पचतो. या चित्रपटाला नऊ ऑस्कर मिळाले. अशी शस्त्रक्रिया आपल्या साहित्यावरही होऊ शकते, म्हणून ती ओळखता आली पाहिजे.

आता कादंबरीची मर्यादा. किरपालच्या घरात आया आहे. एका मुलाने लष्करात जायचे, दुसऱ्याने डॉक्टर व्हायचे, अशी त्या घराची परंपरा आहे. हे सुस्थितीतले घर आहे. पंजाबात लष्करासाठी पिढ्यान्‌पिढ्या कुदळ चालवली ती शीख पायोनियर पलटणींनी, आणि त्यांत मुख्यतः मजहबी शीख होते. १८९५ साली चित्रालच्या मोहिमेत ३२व्या पायोनियर पलटणीने शंदूर खिंडीतल्या बर्फातून तोफा नेल्या. पुढे १९३३ च्या सुमारास या पलटणी मोडल्या, आणि १९४१ साली गरज पडताच मजहबी-रामदासियांची भरती पुन्हा सुरू झाली. महारांची कथा वेगळी नाही. १८९२ च्या सुमारास भरती बंद झाली, १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, आणि महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली, बेळगावात. साम्राज्याला ‘लढाऊ जात’ ही कल्पना सोयीनुसार आठवत होती. साम्राज्याचा रंगभेद पाहणारी ही कादंबरी त्याने वापरलेली जात पाहत नाही.

त्याच इटलीत २४ फेब्रुवारी १९४४ रोजी मिन्यानोजवळ सुरुंग काढताना मद्रास सॅपर्सचे सुभेदार सुब्रमण्यन यांनी सोबत्यांना वाचवण्यासाठी सुरुंगावर स्वतःला झोकून दिले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. पदकाच्या नोंदीत त्यांचे अखेरचे काही क्षण आहेत. गाव, घर, भरतीची सकाळ, घरी धाडलेला पगार यांना त्या नोंदीत जागा नसते. पदक मरणाची नोंद ठेवते. जगण्याची नोंद साहित्याने ठेवायची असते.

माझा आजा रस्त्याच्या कामावर खडी फोडत असे. त्याच्या आयुष्याचा एकही कागद नाही. शिपायांच्या घरी निदान डिस्चार्जचे कागद असतात, पेन्शनबुक असते, पत्र्याच्या पेटीत एखादे पदक असते. विद्यार्थी मित्रांनो, ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाण्याआधी वाचा. म्हातारीला विचारा, लिहून घ्या. सामान्य सॅपरचे चरित्र कोणी ओंडाटजे येऊन लिहील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ती पेटी आपल्या घरात आहे. ती आपणच उघडली पाहिजे.