सोराबजी, कैखुश्रू शापूरजी
(१४ ऑगस्ट १८९२–१५ ऑक्टोबर १९८८). पियानोवादक, संगीतरचनाकार व समीक्षक. जन्म इंग्लंडमधील चिंगफर्ड येथे. वडील शापूरजी हे मुंबईत जन्मलेले पारशी स्थापत्य अभियंते, आई इंग्रज. मूळ नाव लिऑन डडली. पारशी नाव त्यांनी तरुणपणी स्वतः धारण केले. १९१९ मध्ये लंडन येथे त्यांनी बुसोनी ह्या श्रेष्ठ पियानोवादकाला आपला सोनाटा ऐकविला व त्याचे शिफारसपत्र मिळविले. पुढे पॅरिस व व्हिएन्ना येथे त्यांचे वादन झाले.

‘ओपुस क्लाविचेंबालिस्तिकुम’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना त्यांनी १ डिसेंबर १९३० रोजी ग्लासगो येथे प्रथम वाजविली. तीत बारा विभाग व चार फ्यूग असून वादनास चार तासांहून अधिक काळ लागतो. ही लांबी म्हणजे निव्वळ विक्षिप्तपणा नव्हे. एका विषयावर ४९ व दुसऱ्यावर ८१ रूपभेद रचले असल्याने श्रोत्याची स्मृती हाच येथे रचनेचा आधार ठरतो. तथापि समीक्षकांनी संगीतापेक्षा घड्याळाविषयीच अधिक लिहिले.

१९३६ मध्ये जॉन टोबिन ह्याने लंडन येथे तिचा पहिला भाग फार संथ लयीत वाजविला. त्याच वर्षाच्या अखेरीनंतर सोराबजी स्वतः जाहीर मैफलींपासून दूर झाले आणि इतरांनाही आपल्या रचना वाजविण्यास अनुमती नाकारू लागले. सदोष वादनापेक्षा मौन बरे, ही त्यांची भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु तिची किंमत मोठी होती. जे संगीत वाजविले जात नाही, त्याचे गुणदोष पारखलेही जात नाहीत. परिणामी सुमारे चाळीस वर्षे त्यांच्याभोवती कीर्तीऐवजी दंतकथा वाढली. १९७६ मध्ये त्यांनी योन्टी सॉलोमन ह्या वादकास अनुमती दिली; तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. १९८२ मध्ये जेफ्री डग्लस मॅज ह्याने उट्रेख्त येथे संपूर्ण ‘ओपुस’ सादर केले.

त्यांना आपण सहज ‘भारतीय’ म्हणतो. त्यांना मात्र ते रुचत नसे. ते स्वतःस पारशी म्हणवीत. रागसंगीताचा शोध त्यांच्या रचनांत घेणे व्यर्थ होय. ‘गुलिस्तान’ (१९४०) ह्या निशासंगीतातील संथ, अलंकारप्रचुर स्वरविस्तारामागे सादीचे फार्सी काव्यविश्व आहे. त्यांची खरी प्रतिभा प्रचंड फ्यूगांपेक्षा अशा रचनांत अधिक निःसंकोचपणे प्रकट होते. जोनाथन पॉवेल ह्याने ध्वनिमुद्रित केलेली ‘सिक्वेन्शिया सिक्लिका’ (रचना १९४८–४९) २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ती आठ तासांहून अधिक लांबीची आहे.