एकटीचा प्रवास : धाडस की कौशल्य?

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनांची समीक्षा करताना एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीला ‘धाडसी’ हे विशेषण सहज लावले जाते. हे विशेषण गौरवाचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. धाडस हा उपजत गुण मानला जातो आणि तो थोड्यांच्याच वाट्याला येतो, अशी समजूत असते. परिणामी त्या स्त्रीचे कौतुक होते. परंतु तिची वाट इतरांसाठी मोकळी होत नाही.

चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. चोपडा शहरात रेल्वेस्थानक नाही. शिक्षणासाठी वा मुलाखतीसाठी रेल्वेने पुण्या-मुंबईकडे निघालेल्या मुलीला आधी एस.टी.ने तापी ओलांडून अमळनेर किंवा जळगाव गाठावे लागते. तिच्या या जाण्याला घरचे लोक ‘धाडस’ समजतात की ‘शिकता येणारी गोष्ट’, यावर ती निघणार की नाही हे बऱ्याचदा ठरते. म्हणून एकटीच्या प्रवासातील आत्मविश्वास नेमका कशातून घडतो, याचा शोध येथे घेतला आहे.

ओळखीची वाट

या शोधाचा आरंभ खानदेशातूनच करणे उचित ठरेल. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांची गाणी 1952 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जळगावच्या सासरहून असोद्याच्या माहेरी जाणारी वाट त्यांच्या काव्यात येते. माहेराच्या ओढीने तापलेली वाटही तेथे सुखाची होते. वाटेचा खडान्‌खडा परिचित असल्याने भयाला जागा उरत नाही. मात्र या आत्मविश्वासाला मर्यादाही आहे. सासर आणि माहेर या दोन टोकांपलीकडे तो स्त्रीला नेत नाही.

पूर्वतयारीचे बळ

अनोळखी वाटेचा प्रश्न आनंदीबाई जोशी यांच्यापुढे उभा राहिला. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात त्यांनी अमेरिकेला जाण्याविषयीच्या शंकांची एकेक करून उत्तरे दिली. ‘एकटी का जातेस?’ ही त्यांपैकी एक शंका होती. तिच्या उत्तरात त्यांनी शौर्याचा आव आणला नाही. दोघांच्या खर्चाची ऐपत नाही आणि पतीवर कुटुंबाचा भार आहे, हे साधे वास्तव त्यांनी मांडले. याच भाषणात मुंबईतील अनुभवही येतो. शिकायला जाताना रस्त्यावरचे लोक त्यांना हसत, टोमणे मारीत, खडे फेकीत. असुरक्षितता सातासमुद्रापलीकडे नव्हती. ती घराबाहेरच्या पहिल्याच रस्त्यावर होती, ही बाब समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

एप्रिल 1883 मध्ये अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा पती सोबत नव्हते. मिशनरी स्त्रियांची सोबत होती. अमेरिकेतील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार त्याआधी काही वर्षे चालू होता. म्हणजे पाऊल टाकण्यापूर्वीच मुक्कामी ओळखीचे माणूस निर्माण झाले होते. याला पूर्वतयारी म्हणणे अधिक योग्य ठरेल.

निरीक्षण आणि संवाद

पंडिता रमाबाई यांनी आई-वडील व भावासह तीर्थयात्रेच्या निमित्ताने भारतभर पायी भ्रमंती केली होती. 1882 मध्ये वैधव्य आल्यानंतर त्या 1883 मध्ये इंग्लंडला आणि 1886 मध्ये लहानग्या मुलीसह अमेरिकेला गेल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (1889) या ग्रंथात प्रवासातील संकटांपेक्षा तेथील शिक्षण, राज्यव्यवस्था व स्त्रियांची स्थिती यांना अधिक स्थान आहे. भय बाळगणारा प्रवासी स्वतःकडे पाहतो, तर जिज्ञासू प्रवासी समोरच्या समाजाकडे पाहतो. रमाबाईंचा आत्मविश्वास या दुसऱ्या प्रकारचा आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मीना प्रभु यांनी हीच वाट पुढे नेली. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या व लंडनमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या या लेखिकेने बरेचसे प्रवास एकटीने केले. 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. ‘दक्षिणरंग’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ या ग्रंथांत देशाच्या इतिहासाची माहिती आणि स्थानिक माणसांशी गप्पा यांची सांगड आढळते. एकटेपणामुळे संवाद घडतो, हे त्यांच्या लेखनाचे मर्म होय. तथापि, या प्रवासामागे आर्थिक स्थैर्य उभे आहे, हेही नोंदवणे आवश्यक आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातील मुलीला हे लेखन आनंद देईल. पण तिची शेवटची एस.टी. चुकली तर काय, याचे उत्तर देणार नाही.

निष्कर्ष

1. एकटीचा प्रवास म्हणजे निराधार प्रवास नव्हे. आनंदीबाईंना पत्रांचा, रमाबाईंना पायपिटीच्या अनुभवाचा, तर मीना प्रभु यांना व्यासंगाचा आधार होता.

2. वाटेची माहिती, मुक्कामाची पूर्वव्यवस्था, समाजाचे निरीक्षण आणि अनोळखी माणसांशी बोलण्याची तयारी ही चारही कौशल्ये शिकता व शिकवता येतात. म्हणूनच ‘धाडस’ हा शब्द अपुरा ठरतो.

3. सुरक्षितता ही केवळ प्रवासिनीची जबाबदारी नाही. महाराष्ट्रात 2023 पासून स्त्रियांना एस.टी. भाड्यात 50 टक्के सवलत मिळते; पण तिकीट स्वस्त होणे आणि रस्ता निर्भय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आनंदीबाईंवर खडे फेकणारा रस्ता बदलणे हे समाजाचे काम आहे.

मराठी प्रवासलेखनात लंडन आले, इराण आले. गावापासून महाविद्यालयापर्यंतचा मुलीचा रोजचा प्रवास मात्र क्वचितच आला. तो लिहिला जाईल तेव्हा त्या लेखिकेला ‘धाडसी’ म्हणून समीक्षेने मोकळे होऊ नये. तिने वाट कशी शिकून घेतली, ते वाचावे.