उन्हाळी कलाशिबिरें

परीक्षा संपून शाळांना सुटी लागली, कीं शहरोशहरीं मुलांसाठीं कलाशिबिरें निघूं लागतात. पांच दिवसांत दहा वस्तू, तीन दिवसांत मातीकाम, एका दुपारीं वारली चित्रकला, अशा आशयाच्या जाहिराती सोसायटीच्या फाटकापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सर्वत्र दिसतात. बहुधा सामानाचा खर्च फींतच धरलेला असतो. आणि मूल रोज एखादी तयार वस्तु घेऊन घरीं येईल, अशी हमीहि दिलेली असते. या शेवटच्या हमीविषयींच आम्हांस येथें चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण या शिबिरांचे बहुतेक दोष तिच्यांतूनच उपजतात, असें आमचें मत आहे.

प्रथम गुण सांगणें न्याय्य होईल. शाळेच्या वेळापत्रकांत चित्रकलेस एखाददुसरा तास मिळतो, आणि परीक्षा जवळ आली कीं तोहि पुष्कळदां गणिताच्या पदरांत पडतो. सुतार, कुंभार, कासार यांचीं दुकानें शाळेच्या वाटेवर उरलीं नाहींत. त्यामुळें वस्तु कशी घडते, हें उभें राहून पाहण्याची सोयच शहरांतल्या मुलांस राहिलेली नाहीं. अशा मुलाच्या हातीं आठवडाभर कां होईना, माती, कागद आणि रंग येतात, हें लहान काम नव्हे. शिवाय कलाशाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुण चित्रकारांस या वर्गांचा थोडाबहुत आधार होतो, हेंहि विसरतां कामा नये.

परंतु अशा शिबिराच्या अखेरच्या दिवशीं मांडलेलें प्रदर्शन एकदां नीट पाहावें. कागदी पट्ट्यांचीं तीस घुबडें एका रांगेंत बसलेलीं असतात, आणि सारीं एकाच घरट्यांतून निघाल्यासारखीं दिसतात. कारण उघड आहे. दोन तासांत तीस मुलांकडून तयार वस्तु करवून घ्यावयाची, तर आकार आधींच कापून ठेवावे लागतात, रंग ठरवून द्यावे लागतात, आणि ज्याचा हात मागें पडला त्याचें घुबड शिक्षकासच पुरें करावें लागतें. मुलाच्या वांट्यास येतें तें केवळ चिकटविणें. घरीं त्या वस्तूचें कौतुक होतें. पण तें कौतुक आपल्या मेहनतीचें नाहीं, हें मुलास पुरतें ठाऊक असतें.

मातीकामाचेंच उदाहरण घेऊं. माती मळून तिच्यांतले खडे आणि हवेचे बुडबुडे काढावे लागतात. भांड्याची बाजू एके ठिकाणीं जाड व दुसरे ठिकाणीं पातळ राहिली, तर सुकतांना ती सारखी आकसत नाहीं व भेग पडते. ओल्या भांड्यास वाळलेला कान जोडला, तर तो दुसऱ्या दिवशीं गळून पडतो. हे नियम तोंडीं सांगून कोणाच्या गळीं उतरत नाहींत. ज्याचा कान एकदां गळला, तोच पुढच्या खेपेस दोन्ही भाग सारखे ओले असतांना खरवडतो, पातळ चिखल लावतो आणि मग जोडतो. भेगाळलेलें भांडें हा या विद्येंतला पहिला धडा होय, आणि हमी देणारें शिबिर नेमका तोच गाळतें.

या प्रश्नाचा विचार पूर्वीं झालाच नाहीं, असें नाहीं. व्हिएन्ना येथें फ्रान्झ चिझेक या चित्रकारानें १८९७ मध्यें मुलांचा चित्रवर्ग काढला; मुलाची कला ही मोठ्यांच्या कलेची कच्ची नक्कल नव्हे, तिला स्वतःचे नियम आहेत, हें त्याचें सूत्र होतें. इकडे १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगास शिक्षणाच्या मध्यभागीं बसविण्याचा विचार मांडला. पुढें १९४४ मध्यें शांतिनिकेतनांत शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामास कलाशिक्षक म्हणून आले. चिझेक व वर्धा यांच्या दृष्टींत अंतर मोठें आहे. एकास मुलाची मोकळीक हवी होती. दुसरीस उपयोगी आणि विकली जाईल अशी वस्तु हवी होती. परंतु दोहोंकडे एक गोष्ट समान होती, ती म्हणजे वेळ. व्हिएन्नाचें मूल पुन्हां पुन्हां त्याच वर्गांत येई. वर्ध्याच्या योजनेंतलें मूल वर्षानुवर्षें तोच उद्योग करून त्यांत मुरणार होतें. आमच्या शिबिरांनीं वर्ध्याकडून वस्तूचा आग्रह घेतला आणि चिझेककडून मोकळिकीची भाषा उचलली. वेळ मात्र दोघांकडूनहि घेतला नाहीं.

याचा सर्वांत मोठा फटका लोककलांना बसतो. वारली चित्र हें मुळांत लग्नघरांतलें. गेरूनें सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानें चौक काढीत, त्याच्या मध्यभागीं पालघाट देवी येई, आणि धवलेरी लग्नाचीं गाणीं म्हणे. डहाणू भागांतले जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली. २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. मासेमारीच्या जाळ्याचा एकेक दोरा काढणारा त्यांचा हात कित्येक वर्षांच्या पाहण्यांतून तयार झालेला होता. शिबिरांत याचें काय उरतें? टोकाशीं टोक जुळविलेले दोन त्रिकोण, काड्यांचे हातपाय, आणि तयार मडक्याभोंवतीं तारप्याचा नाच. तो चौक कोणाचा, तो कां काढीत, आणि तो काढणारे लोक आजहि पालघर जिल्ह्यांत राहतात, यांतलें अक्षरहि बहुधा कानावर पडत नाहीं.

दुसरी हानि किशोरवयीन मुलांची. सहा वर्षांचें बालक आणि चौदा वर्षांचा मुलगा यांना एकाच सतरंजीवर बसविणारीं शिबिरें थोडीं नाहींत. लहान मूल हत्ती निळा रंगवून खूष असतें. पण नऊ-दहा वर्षांनंतर मुलास आपलें चित्र खऱ्या वस्तूशीं ताडून पाहण्याची संवय लागते, आणि तें जुळत नाहीं असें दिसलें कीं पुष्कळ मुलें पेन्सिल कायमची खालीं ठेवतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यानें १९४७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या अवस्थांची चिकित्सा केली आहे. या वयास शाबासकी पुरत नाहीं. छायाप्रकाश, अंतर, हाताच्या सांध्यांची ठेवण हें शिकविणारा माणूस हवा असतो. त्याच्यापुढें पुन्हां कागदी घुबड ठेवणें म्हणजे त्याची शंका खरी ठरविणें होय.

कोणी म्हणेल, सुटींत मूल दोन घटका रमलें तर पुरे. सर्वांस कलावंत थोडेंच करावयाचें आहे? आम्हीहि तेंच म्हणतों. पण रमणें हाच हेतु असेल, तर रोजच्या तयार वस्तूची हमी कशाला? वाळूंत किल्ला बांधणारें मूल तो घरीं नेण्याचा हट्ट धरीत नाहीं. हा हट्ट बहुतांशीं आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे. दिलेल्या फीची पावती आम्हांस डोळ्यांनीं पाहावयाची असते, आणि शिबिर चालविणारे ती बिचारे घडवून देतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दहा वस्तूंऐवजीं आठवडाभर एकच माध्यम घ्यावें. लहान व मोठ्या मुलांचे वर्ग वेगळे करावेत. कुंभार किंवा वारली चित्रकार बोलवावयाचा, तर त्यास गंमत म्हणून न बोलवितां शिक्षक म्हणून बोलवावें, आणि शिक्षकाचेंच मानधन द्यावें. अखेरचें प्रदर्शन मांडावयाचेंच असेल, तर त्यांत फुटलेलीं भांडीं आणि अर्धवट राहिलेलीं चित्रेंहि ठेवावीं. याचा आरंभ मात्र पालकांसच करावा लागेल. मूल रिकाम्या हातानें घरीं आलें, तर फी वाया गेली असें न मानतां, आज काय बिघडलें आणि उद्यां तें कसें करून पाहणार, एवढेंच त्यास विचारावें.