मधली वर्षं कोण रंगवणार?

निळ्या मंगळाचं चित्र आता बहुतेकांच्या पाहण्यात आलेलं असतं. उत्तर गोलार्ध व्यापून टाकणारा समुद्र, दक्षिणेला हेलासच्या खोलगटात साठलेलं मोठं तळं, मरिनरिसच्या दऱ्यांत शिरलेलं पाणी, उतारांवर हिरवळ. ही चित्रं निव्वळ मनाने काढलेली नसतात. मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे यान १९९७ मध्ये मंगळाशी पोचलं आणि त्याने लेसरच्या साहाय्याने तिथली उंचसखल जमीन मोजून काढली. त्या नकाशात पाण्याची पातळी ठरवली की समुद्राचे किनारे आपोआप उमटतात. चित्रकाराकडे उरतं ते रंग भरणं, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

कारण रंग पृथ्वीवरून उसने आणलेले असतात. मंगळावर पोचणारा सूर्यप्रकाश आपल्या निम्म्याहूनही कमी. गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. म्हणजे पृथ्वीइतका हवेचा दाब तिथे हवा असेल, तर दर चौरस मीटर जमिनीवर आपल्या अडीच पटींहून अधिक हवा रचावी लागेल. ती हवा उंचच उंच पसरेल, क्षितिजाकडचे डोंगर धुरकट दिसतील, लाटा संथ चालीने किनाऱ्याला लागतील. हा परकेपणा एखाद्या चित्रात उतरला असता तर त्यापुढे उभं राहावंसं वाटलं असतं. आपल्याला मिळतं ते तांबड्या खडकांवर ठेवलेलं स्वित्झर्लंड.

माझी खरी तक्रार मात्र याहून मोठी आहे. ही चित्रं मालिकेने येतात: आधी तांबडा ग्रह, मग थोडा हिरवट, मग हिरवा, शेवटी निळा. दोन चौकटींच्या मधे शेकडो वर्षं गेलेली असतात आणि त्या वर्षांत काय झालं याबद्दल चित्र मुकं असतं. पाणी कुठून आणलं, कोणी आणलं, आणणाऱ्याला राहायला घर कोणतं मिळालं, आधी तिथे काय होतं? भिलाईत राहणाऱ्याला हे प्रश्न सुचल्यावाचून राहत नाहीत. हे गावच मुळी आधी आराखड्यावर उमटलं आणि मग जमिनीवर.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. पहिल्या धमनभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झालं. मधली चार वर्षं दुर्ग जिल्ह्यातल्या धानाच्या शेतांवर काय काय घडलं असेल याची कल्पना आजच्या सावलीच्या रस्त्यांवरून येत नाही. खनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून, चुनखडी नंदिनीहून, पाणी तांदुळा धरणातून कालव्याने मरोद्याच्या तलावांत. पुढे महानदीवरच्या गंगरेलचंही पाणी लागलं. नळ उघडला की जे पाणी येतं त्यामागे एवढी लांब साखळी आहे, आणि तिची एक कडी निखळली तर भट्टीही थांबेल आणि सेक्टरमधल्या बागाही सुकतील. सेक्टरांना नावं नाहीत, आकडे आहेत. आराखड्यातून जन्मलेल्या वस्तीची ही खूण अजून पुसली गेलेली नाही.

ग्रह बदलण्याच्या कल्पनेचा इतिहास पाहिला तर सुरुवातीच्या लेखकांना या मधल्या काळाची चाड होती. अलेक्सांद्र बोग्दानोव यांच्या १९०८ च्या ‘लाल तारा’ या रशियन कादंबरीत मंगळावरचा समाज प्रचंड कालवे खणतो, तरी साधनं अपुरी पडतात आणि पृथ्वी बळकवावी का यावर तिथे गंभीर वाद झडतो. ओलाफ स्टेपलडन यांनी १९३० मध्ये माणसाला शुक्रावर नेलं आणि तिथले मूळ जीव त्या बदलात नष्ट होतात हेही लपवलं नाही. ग्रह बदलण्यासाठीचा टेराफॉर्मिंग हा शब्द जॅक विल्यमसन यांच्या १९४२ च्या कथेतून रूढ झाला. रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९५० मध्ये गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावर शेतकरी नेऊन बसवले आणि खडक फोडून माती तयार करण्याचं काम पानंच्या पानं लिहिलं. त्या कादंबरीचं विज्ञान आज टिकत नाही, पण माती करणाऱ्या हातांचं वर्णन टिकलं आहे.

सोव्हिएत कलेची गोष्ट भिलाईच्या संदर्भात विशेष. इथे कारखान्याची उभारणी चालू होती त्याच सुमारास, १९५७ मध्ये, पावेल क्लुशान्त्सेव यांचा ‘ताऱ्यांकडे जाणारी वाट’ हा चित्रपट आला आणि त्याच्या शेवटी चंद्रावरची वस्ती दिसली. अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव आणि चित्रकार आंद्रेई सोकोलोव यांनी मिळून रंगवलेल्या चित्रांचा संग्रह १९६७ चा. या कलेत प्रचाराचा सूर आहे, अपयश जवळजवळ नाही. तरीही तिच्यात यंत्रं आणि राबती माणसं असतात, ग्रह आपोआप हिरवा होत नाही. ज्या देशाने भिलाईला अभियंते पाठवले त्याच देशाची ही नजर होती, आणि निदान एवढ्या बाबतीत ती आजच्या संगणकी चित्रांपेक्षा प्रामाणिक होती.

मग यानं पोचली. मरिनर ४ ने १९६५ मध्ये पाठवलेल्या मोजक्या छायाचित्रांत विवरांनी भरलेला ओसाड मंगळ दिसला आणि कालव्यांची स्वप्नं संपली. व्हेनेरा ७ हे सोव्हिएत यान १९७० मध्ये शुक्रावर उतरलं आणि तिथल्या भट्टीसारख्या उष्णतेची खात्री पटली. कार्ल सेगन यांनी १९६१ मध्ये शुक्राच्या ढगांत शैवाल सोडण्याची कल्पना मांडली होती. पृथ्वीच्या नव्वद पटींहून जास्त दाबाच्या हवेपुढे तिचा निभाव लागणार नव्हता, हे पुढे त्यांनीच मान्य केलं. पण या निराशेतून कल्पनेला एक मोकळीकही मिळाली. कोणी राहत नाही म्हटल्यावर ग्रह ‘रिकामा’ ठरला आणि रिकाम्या जागेवर आराखडे काढायला कोणाची परवानगी लागेना. आराखडे काढणाऱ्याला जमीन नेहमी रिकामीच दिसते. दुर्ग जिल्ह्यातली ती शेतं मात्र रिकामी नव्हती.

‘रिकामी’ या समजुतीलाच आव्हान देणारं काम किम स्टॅनली रॉबिन्सन यांनी १९९० च्या दशकातल्या मंगळावरच्या तीन कादंबऱ्यांत केलं. त्यांची भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅन क्लेबर्न म्हणते की हा खडक आहे तसाच राहू द्या, सॅक्स रसेल म्हणतो की जीव पसरवणं हेच माणसाचं काम. दोघांपैकी कोणालाही लेखक सोपं करत नाही. या विषयावरचं इतकं समृद्ध लेखन दुसरं नाही. तरी एक पळवाट त्यात आहे: आयुष्य वाढवणारा उपचार. त्यामुळे तीच माणसं दोन शतकं जगतात आणि आपण लावलेलं झाड आपणच पाहतात. पिढ्यांचा पेच तिथे सुटत नाही, टाळला जातो. भिलाईत पहिल्या पिढीने झाडं लावली, निवृत्तीच्या दिवशी क्वार्टर सोडलं आणि सावली दुसऱ्यांना मिळाली. पामेला सार्जंट यांच्या १९८६ पासूनच्या शुक्रावरच्या कादंबऱ्या याबाबत मला जास्त जवळच्या वाटतात. त्यातलं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या अशा कामाला जुंपलेलं आहे, ज्याचा शेवट त्यांच्यापैकी कोणीच पाहणार नाही.

२०१६ साली आलेला, मंगळ बदलण्याचा एक स्वीडिश पटावरचा खेळ आता जगभर खेळला जातो. त्यात तापमान उणे ३० वरून ८ अंशांपर्यंत, ऑक्सिजन १४ टक्क्यांपर्यंत आणि समुद्राच्या नऊ फरश्या पुऱ्या झाल्या की डाव संपतो. कंपन्यांची चढाओढ यात चोख दाखवली आहे. कामगार मात्र पटावर कुठेही नाही. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींत कंत्राटी मजुरांची संघटना १९७७ मध्ये उभी राहिली. यंत्रं आणून माणसं काढण्याला तिने विरोध केला, मजुरांच्या वर्गणी-श्रमांतून तिथे शहीद रुग्णालय उभं राहिलं, आणि तिचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. पोलाद घडवणाऱ्या वस्तीच्या इतिहासातून हे वगळलं तर काय उरेल? कल्पनेतल्या मंगळावरूनही ते वगळता येणार नाही. ‘द एक्स्पान्स’ या कादंबरीमालेला हे उमगलं आहे. लघुग्रहांवर बर्फ आणि खनिज खणणाऱ्यांच्या श्वासाचाही हिशेब ठेवला जातो, हे त्यात ठळकपणे येतं.

श्वासाचा हिशेब भिलाईला नवा नाही. पोलाद करताना ऑक्सिजन लागतो, म्हणून तो इथे हवेतून वेगळा काढला जातो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, हाच ऑक्सिजन टँकरांत भरून दवाखान्यांकडे गेला, नागपूरलाही पोचला. त्याच एप्रिलमध्ये मंगळावर पर्सिव्हिअरन्स बग्गीतल्या मॉक्सी या उपकरणाने कार्बन डायऑक्साइडमधून पहिल्यांदा ऑक्सिजन वेगळा काढला. २०२३ पर्यंतच्या १६ प्रयोगांत मिळून तो भरला १२२ ग्रॅम. निळा समुद्र रंगवणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा. २०१८ च्या एका अभ्यासाने तर दाखवून दिलं की मंगळावरचा हाताशी येण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी तिथला दाब फार तर तिप्पट होईल, आणि आज तो पृथ्वीच्या एक टक्काही नाही.

चंद्रांची कल्पनाचित्रं याहून उथळ. गॅनिमीड, युरोपा, टायटन यांच्यावर खंड, किनारे, जंगलं काढलेली दिसतात. पण या चंद्रांचं कवचच बर्फाचं. उबदार केलं की पाय ठेवायला जमीन उरणार नाही, तळाचा पत्ता नसलेला समुद्र तेवढा राहील. कोळ्यांच्या, नावाड्यांच्या, तरंगत्या वस्त्यांच्या कथा तिथे शोभतील. त्या लिहायच्या सोडून लोक पुन्हा कुरणंच काढतात.

मराठीत काय आहे? जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली तेव्हापासून विज्ञानकथेला आपल्याकडे प्रतिष्ठा आली. त्यांची ‘हिमप्रलय’ ही कथा या विषयाच्या सर्वांत जवळ जाते. मुंबईत बर्फ पडतो आणि वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाच्या आग्रहाने वातावरणच तापवण्याचा घाट घातला जातो. ग्रहाची हवा बदलणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला या कथेने दाखवलं, आणि तेही उपरं न वाटता. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी पुढे विज्ञानकथा शरीर, मन, संगणक, समाज यांच्याकडे वळवली. ते लेखन मोलाचं आहे. पण आपल्या कथेचा जीव आखूड. एक शोध, एक पेच, एक उकल, आणि दिवाळी अंकाची आठ-दहा पानं संपतात. ग्रह बदलायला लागणारी तीनशे वर्षं त्या साच्यात मावत नाहीत. कादंबरी हवी, तीही घराण्याची. घराण्याच्या कादंबऱ्या आपल्याला काही परक्या नाहीत, आणि धरणाखाली गेलेल्या गावांची, नव्याने वसवलेल्या वस्त्यांची आठवणही आपल्याकडे मुबलक आहे. कोयनेची आहे, भिलाईसारख्या वसाहतींत विदर्भातून आलेल्या घरांची आहे.

अशा कादंबरीने भाषेकडे लक्ष द्यावं असं मला फार वाटतं. इंग्रजी मंगळावर सगळे शुद्ध इंग्रजी बोलतात. ‘द एक्स्पान्स’मधल्या खाणकामगारांची मिसळलेली बोली हा सुखद अपवाद. भिलाईतल्या मराठी घरात आजी वऱ्हाडी बोलते, आई मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवते, नातू सेक्टरमधली हिंदी बोलतो आणि छत्तीसगढी त्याच्या कानावर सतत पडत असते. आधीच्या गावाचा आवाजही इथे संपला नाही. महाभारताची आख्यानं पंडवानीत गाणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या. याच पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली, आणि हातात तंबुरा घेऊन त्यांनी भीम जगभर नेला. आराखड्यात त्यांच्यासाठी चौकट आखलेली नव्हती. मंगळाच्या तिसऱ्या पिढीत जन्मलेली मुलगी कोणतं आख्यान गाईल, कोणत्या बोलीत, आणि ते तिला कोण शिकवेल, याचं उत्तर देणारं पुस्तक मला वाचायचं आहे. ते मराठीत लिहिलं जावं अशी माझी इच्छा आहे.