राम जोशी आणि आमचा काका

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी तिथं ‘लोकशाहीर राम जोशी’ लागला होता. मी चौदा वर्षांचा. आजोबानं बैलं बघायचं सोडून मला तंबूत नेलं. बुडाखाली माती, अंगावर घोंगडं, मागं इंजिनाची फडफड.

सिनेमा 1947 चा, राजकमलचा. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांनी केलेला. लिहिला ग. दि. माडगूळकरांनी, संगीत वसंत देसाईंचं. राम झाले जयराम शिलेदार, बया झाली हंसा वाडकर.

खरे राम जोशी सोलापूरचे, पेशवाईच्या उतरत्या काळातले. घर शास्त्री-पुराणिकांचं, पोराचं मन मात्र तमाशाच्या फडात. थोरल्या भावानं, मुद्गलनं, घराबाहेर काढलं. पंढरपूरला जाऊन ते शिकले. पुढं कीर्तनं केली, मोरोपंतांच्या आर्या लोकांत नेल्या. लावण्या मात्र मागं उरल्या त्या उरल्याच. बाकी पुष्कळ सिनेमानं पदरचं घातलं. त्याची माझी तक्रार नाही. कीर्तनकारसुद्धा आख्यानाला मीठमिरची लावतोच की.

या सिनेमाचं खरं बळ ढोलकीत आहे. शिलेदार संगीत नाटकातले. गळा असा मोकळा, की तंबूच्या बाहेर बैलांपाशी बसलेला माणूसही ऐकत राहावा. जोशींच्या जुन्या लावण्या आणि माडगूळकरांच्या नव्या शेजारी शेजारी आहेत, पण ठिगळ दिसत नाही. हंसाबाई नाचल्या तर नजर खाली करावी वाटत नाही, उलट मान ताठ होते. यानंतर मराठीत तमाशाच्या सिनेमांची रांग लागली. त्यातल्या बऱ्याच जणांनी घुंगरू तेवढं घेतलं अन् शाहीर सोडून दिला.

राम घराबाहेर पडला तेव्हा आजोबा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. मी बघतच राहिलो. कारण याच आजोबानं माझ्या धाकट्या काकाला ढोलकीपायी घराबाहेर काढलं होतं. “फडावर गेलास तर माझ्या उंबऱ्याला शिवू नको,” म्हणाला होता. काका गेला. पुढं माझ्या बापानं त्याच्याकडून हक्कसोड करून घेतली. दोन एकर काळी जमीन.

तेव्हापासून मला या सिनेमाचं एक खटकतं. तो रडवतो छान, पण दार लावणाऱ्यालाही रडू देतो. राम शेवटी थोर कवी, म्हणून त्याला काढणारे चुकले. आमचा काका थोर नव्हता, नुसता बरा ढोलकीवाला होता. मग त्याच्यासाठी कोणी रडायचं?

दुसरं बयाचं. सिनेमाचा सगळा जीव रामनं काय गमावलं यात अडकलाय. बयाचं दुःख आलं तरी त्याच्या सावलीत येतं. ती बाजू पुढं हंसाबाईंनी स्वतःच मांडली, ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रात, काही न झाकता. त्यावरनं श्याम बेनेगलनी 1977 साली ‘भूमिका’ काढला. ‘राम जोशी’ बघितलेल्या माणसानं ते पुस्तक वाचावंच. अर्धी गोष्ट तिथं आहे.

काका वारल्यावर एक बाई पोरीला घेऊन आमच्या आखाड्यावर आली होती. फडातली. तिनं काकाची ढोलकी आणली होती. “दादा, हे तुमच्या घरचं,” म्हणाली. मी चहा दिला, पण बाहेर, लिंबाखाली. शेताचं नाव तिनं काढलं नाही. मीबी काढलं नाही. गाव विचारायचं राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात नातवानं मोबाईलवर तो सिनेमा लावून दिला. लहानपणी माझं सगळं लक्ष रामकडं होतं. यावेळी दाराच्या आत उभ्या असलेल्यांकडं गेलं. ढोलकी माळवदाखाली खुंटीला आहे. शाई सुकून भेगाळली. दोन एकर अजून माझ्याच नावावर आहे.